ड्यूक घराण्याने अमेरिकेचा सिगारेट-उद्योग उभारला, असे लिहावे का?

आपण नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅमजवळ राहता आणि तेथील महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ड्यूक घराण्यावर लेख लिहीत आहात. 'या घराण्याने अमेरिकेचा सिगारेट-उद्योग उभा केला' हे आपले पहिलेच वाक्य आपल्या एका मित्राने खोडले. उद्योग यंत्राने उभा केला, ड्यूकांनी ते यंत्र फक्त भाड्याने घेतले, असे त्याचे म्हणणे आहे. दोघांपैकी कोणाचे बरोबर, आणि वॉशिंग्टन ड्यूक अमेरिकेच्या यादवी युद्धातून घरी परतला तेव्हा त्याच्यापाशी दोन आंधळी खेचरे व ५० सेंट एवढेच होते ही गोष्ट लेखात घ्यावी का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

उद्योगघराण्यांची जुनी दप्तरे लावणे आणि त्यांवरून इतिहास लिहिणे हा माझा व्यवसाय असल्याने हा वाद मला नेहमी भेटतो. घराणे म्हणते आम्ही केले, बाहेरचा माणूस म्हणतो काळाने केले. दोन्ही विधाने तपासता येत नाहीत, म्हणून ती टिकून राहतात. मी अशा वेळी एकच विचारतो: त्याच गावात, त्याच वर्षी, तोच कच्चा माल आणि तेच यंत्र ज्यांना उपलब्ध होते, त्यांनी काय केले आणि या घराण्याने काय वेगळे केले? जो फरक उरेल तो घराण्याचा वाटा. ड्यूकांच्या बाबतीत हा फरक बराच मोठा उरतो, पण आपण समजता त्या जागी तो नाही. शिवाय आपण सिगारेटबद्दल लिहिता की सगळ्या तंबाखूबद्दल, आणि लेख कोणत्या वर्षी थांबवता, यावरही उत्तर बदलते. ते पुढे येईलच.

आधी जे ड्यूकांचे नव्हते ते बाजूला काढू. त्या भागातील फिक्या पिवळ्या, सौम्य पानाची ख्याती १८३९ पासूनची आहे. कॅसवेल काउंटीत एबिशा स्लेड याच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम पान वाळवण्याच्या कोठीत रात्री राखण करीत होता. विझत आलेल्या आगीवर त्याने लोहारकामाचा कोळसा टाकला, त्या तीव्र उष्णतेने पान लख्ख पिवळे झाले, आणि पुढे धुराचा पानाला स्पर्श होऊ न देता नळ्यांमधून उष्णता फिरवण्याची पद्धत रुळली. या पानाचा धूर घशाला टोचत नाही आणि छातीत ओढता येतो. सिगारेटचा सगळा प्रपंच या एका गुणावर उभा आहे. डरहॅमच्या नावाची कीर्तीही ड्यूकांनी मिळवलेली नाही. एप्रिल १८६५ मध्ये बेनेट यांच्या शेतघरात दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनने उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे शरणागती पत्करली. वाटाघाटी चालू असताना दोन्ही बाजूंच्या शिपायांनी जवळच्या डरहॅम स्टेशनातील जॉन ग्रीनच्या कारखान्यातली तंबाखू लुटली. घरी गेल्यावर तेच शिपाई पत्रे लिहून तीच तंबाखू मागवू लागले. ग्रीनच्या मागून ब्लॅकवेल आणि ज्यूलियन कार यांनी तिला 'बुल डरहॅम' या छापाखाली देशभर पोचवले. ड्यूक त्या वेळी गावाबाहेरचे शेतकरी होते.

आता खेचरांची गोष्ट. वॉशिंग्टन ड्यूकचा जन्म १८२० चा. त्याची सुमारे ३०० एकरांची शेती होती. उतारवयात, दोनदा विधुर झाल्यावर, त्याला दक्षिणेच्या आरमारात सक्तीने भरती केले गेले. दक्षिणेची राजधानी रिचमंड पडल्यावर तो पकडला गेला, नंतर न्यू बर्नला सोडला गेला आणि तेथून सव्वाशेहून अधिक मैल चालत घरी आला. चालत येण्याचा भाग घ्यायला हरकत नाही. खेचरे आणि ५० सेंट हा भाग मात्र घराण्याने सांगितलेला म्हणूनच घ्यावा. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक पेढीच्या इतिहासात अशी एक रिकाम्या खिशाची हकिकत असते. ती खोटीच असते असे नाही, पण खिसा रिकामा असला तरी पायाखालची जमीन आपली होती, हे तीत सांगायचे राहून जाते. दुसरेही एक सांगायचे राहते. १८५५ मध्ये वॉशिंग्टन ड्यूकने कॅरोलाइन नावाची गुलाम स्त्री ६०१ डॉलरना विकत घेतली होती. ही नोंद डरहॅममधील ड्यूक होमस्टेड या स्मारकातही आज सांगितली जाते. एका नोंदीतून उभे राहिलेले चित्र अपुरे वाटत असेल, तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवा आणि वाचकाला पाहू द्या.

१८६५ मध्ये त्या शेतावर, लाकडी खोपटात, तंबाखू कुटून चाळून पिशव्यांत भरण्याचे काम सुरू झाले. १८६६ मध्ये सुमारे १५,००० पौंड माल झाला आणि १८७३ मध्ये सुमारे १,२५,००० पौंड. ही वाढ उत्तम होती, पण अशी वाढ तेव्हा त्या भागात इतरांचीही होत होती. घराण्यातला पहिला माणूस गावात गेला तो थोरला मुलगा ब्रॉडी, १८६९ मध्ये, स्वतंत्र धंदा घेऊन. बाप आणि धाकटी दोन मुले, बेंजामिन व जेम्स, १८७४ मध्ये रेल्वेच्या कडेला आली. १८७८ मध्ये 'डब्ल्यू. ड्यूक, सन्स अँड कंपनी' ही भागीदारी झाली. त्या भागीदारीत बाल्टिमोरचा जॉर्ज वॉट्स १४,००० डॉलर घालून पाचव्या हिश्श्याचा धनी झाला, आणि १८८० मध्ये खुद्द वॉशिंग्टन ड्यूकने आपला हिस्सा रिचर्ड राइट या बाहेरच्या माणसाला विकून धंद्यातून अंग काढून घेतले.

हा तपशील मी मुद्दाम देतो. आपल्या वाक्यातला 'घराणे' हा कर्ता जितका एकसंध वाटतो तितका तो कधीच नव्हता. सिगारेटचा निर्णय झाला तेव्हा बाप भागीदार नव्हता, भांडवलाचा एक हिस्सा बाल्टिमोरचा होता आणि एक राइटचा होता. ज्यूलियन कारच्या बैलाशी, म्हणजे 'बुल डरहॅम'शी, पाइपच्या तंबाखूत आपण टक्कर देऊ शकत नाही हे ओळखून सिगारेटकडे वळण्याचा आग्रह धरला तो मुख्यतः जेम्सने, वयाच्या पंचविशीत. बेंजामिन हिशेब, बँका, गिरण्या आणि देणग्या सांभाळीत होता. त्याच्याविना जेम्सला न्यूयॉर्कमध्ये मोकळेपणाने बसता आले नसते. घराण्याचा इतिहास लिहिताना पुढे असलेल्या माणसावर सगळा प्रकाश पडतो. मी नेहमी विचारतो की त्याच्या अनुपस्थितीत गावाकडच्या कागदांवर सह्या कोण करीत होते. येथे त्या बहुधा बेंजामिनच्या असतात.

१८८१ मध्ये ड्यूकांनी सिगारेट सुरू केली ती हाताने वळलेली. न्यूयॉर्कहून मोझेस ग्लॅडस्टीन या मुकादमाबरोबर पूर्व युरोपातून आलेले ज्यू कारागीर डरहॅमला आणले गेले. कसबी कारागीर दिवसाला साधारण ३,००० सिगारेटी वळी. सोलापूरच्या विडी कामगार बायकांची मजुरी हजारी दराने ठरते हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला या हिशेबाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. माल वाढवायचा तर हात वाढवावे लागतात आणि हात वाढले की मजुरीची बोलणी सुरू होतात. मार्च १८८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सिगारेटवरील कर हजारी १ डॉलर ७५ सेंटवरून ५० सेंट केला. ही संधी सगळ्यांना सारखीच होती. ड्यूकांनी मात्र कपात अमलात येण्याची वाट न पाहता दहा सिगारेटींच्या पाकिटाची किंमत १० सेंटवरून ५ सेंट केली. स्वस्त मालाची मागणी आधी तयार करायची आणि तो पुरवण्याची सोय मागून शोधायची, हा जुगार होता. तो जिंकता आला तो यंत्रामुळे, म्हणून आपल्या मित्राचे म्हणणे येथे नीट तपासले पाहिजे.

यंत्र व्हर्जिनियाच्या जेम्स बॉन्सॅकचे. १८८१ मध्ये त्याला पेटंट मिळाले तेव्हा तो अगदी तरुण होता. रिचमंडच्या अ‍ॅलन अँड गिंटर या त्या वेळच्या सर्वांत नामांकित कंपनीने सिगारेट वळणाऱ्या यंत्रासाठी ७५,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. तिने बॉन्सॅकचे यंत्र तपासले आणि नाकारले. त्यात मूर्खपणा नव्हता. यंत्र वारंवार अडत असे, आणि हाताने वळलेली सिगारेट हीच चांगली सिगारेट, अशी गिऱ्हाइकाची समजूत त्याच कंपनीने जाहिराती करून पक्की केली होती. ड्यूकांची अशी कोणतीही प्रतिष्ठा पणाला लागलेली नव्हती. त्यांनी १८८४ मध्ये यंत्रे आणली आणि बॉन्सॅक कंपनीचा विल्यम ओब्रायन हा कारागीर त्यांच्यामागे लावला. ३० एप्रिल १८८४ रोजी दहा तासांच्या पाळीत यंत्र नीट चालले आणि सुमारे १,२०,००० सिगारेटी निघाल्या. म्हणजे एक यंत्र चाळीस कारागिरांएवढे झाले. यंत्र कागदावर बॉन्सॅकचे असले तरी ते कारखान्यात चालते केले ओब्रायनने, आणि त्याला पुरेसा वेळ व माल वाया घालवू दिला ड्यूकांनी. अशा कामाची नोंद पेटंटच्या दप्तरात सापडत नाही. ती मजुरीच्या वहीत आणि खराब मालाच्या खात्यात सापडते.

तरीही हे सगळे एवढ्यावर थांबले असते तर आपल्या मित्राचे म्हणणे मान्य करावे लागले असते, कारण यंत्र उद्या दुसऱ्यालाही भाड्याने मिळाले असते. निर्णायक ठरला तो पुढच्या वर्षीचा करार. यंत्र कंपनीचा अध्यक्ष डी. बी. स्ट्राउस याच्याशी जेम्स ड्यूकने असे ठरवले की ड्यूक आपला सगळा माल यंत्रावर काढतील, आणि त्या बदल्यात त्यांना पडणारी रॉयल्टी, म्हणजे यंत्राचे भाडे, इतर कोणत्याही कारखानदारापेक्षा किमान २५ टक्के कमी राहील. ही अट गुप्त होती. तिचा अर्थ नीट पाहावा. प्रतिस्पर्ध्याने उद्या तेच यंत्र आणले, तसाच ओब्रायन मिळवला आणि तितकीच चोख व्यवस्था ठेवली, तरी प्रत्येक हजार सिगारेटींमागे तो ड्यूकांच्या मागेच राहणार, आणि आपण मागे का राहतो हे त्याला कळणारही नाही. यंत्र सर्वांचे होते, पण यंत्राच्या भाड्यातला फरक एकट्या ड्यूकांचा होता. माझ्या मते घराण्याचे नेमके स्थान या कलमात आहे, आणि आपल्या लेखातला सर्वांत मोठा परिच्छेद त्याच्यासाठी ठेवावा.

यंत्राने माल वाढला की तो खपवावा लागतो. जेम्स १८८४ मध्येच न्यूयॉर्कला गेला आणि तेथे दुसरा कारखाना काढला. विक्रीसाठी फिरणाऱ्या एडवर्ड फेदरस्टन स्मॉलसारख्या माणसांनी नट्यांची चित्रे, दुकानदारांना भेटी, पाकिटात घालायची रंगीत चित्रपत्रे असे सगळे उपाय केले. १८८९ मध्ये जाहिरातीवर सुमारे ८ लाख डॉलर खर्च झाले. त्या वर्षी देशातील सिगारेटींचा सुमारे दोन-पंचमांश भाग ड्यूकांचा होता. वॉशिंग्टन ड्यूक कट्टर मेथडिस्ट होता. पाकिटांतील तोकड्या कपड्यांतल्या बायकांच्या चित्रांविरुद्ध पाद्र्यांच्या तक्रारी त्याच्यापर्यंत पोचल्या, तेव्हा १८९४ मध्ये त्याने ही चित्रे बंद करावीत असे जेम्सला पत्राने कळवले. बापाला विनंती करावी लागत होती, यावरून धंद्याची सूत्रे कोणाकडे होती ते उघड होते.

जानेवारी १८९० मध्ये पाच कंपन्यांनी मिळून अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन केली. भांडवल २ कोटी ५० लाख डॉलर. त्यातले ७५ लाख ड्यूकांच्या वाट्याला आणि तितकेच अ‍ॅलन अँड गिंटरच्या वाट्याला आले. किनी कंपनीला ५० लाख, आणि किंबल व गुडविन यांना प्रत्येकी २५ लाख. पाच वर्षांपूर्वी ज्या रिचमंडच्या कंपनीपुढे डरहॅमची पेढी नगण्य होती, तिच्या बरोबरीचा हिस्सा ड्यूकांना मिळाला आणि अध्यक्षपद ३३ वर्षांच्या जेम्सला. देशातील सुमारे नऊ-दशांश सिगारेटी आता एका छत्राखाली आल्या. त्यानंतर चघळण्याच्या तंबाखूसाठी कॉन्टिनेंटल टोबॅको कंपनी, तपकिरीसाठी अमेरिकन स्नफ कंपनी, आणि जुना शत्रू बुल डरहॅम, तसेच १८९९ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्सची कंपनी, असे एकेक घेतले गेले. पद्धत साधी होती. ज्या छापाशी स्पर्धा आहे त्याच्या शेजारी आपला एखादा छाप तोट्यात विकत राहायचा, मालक थकला की कंपनी विकत घ्यायची, आणि गरज नसेल तर तिचा कारखाना बंद करायचा. २९ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली, त्या निकालात या खरेदी-बंदीच्या सवयीला महत्त्व होते. त्यातून अमेरिकन टोबॅको, लिगेट अँड मायर्स, लॉरिलार्ड आणि रेनॉल्ड्स अशा मोठ्या कंपन्या वेगळ्या झाल्या.

येथे आपल्या वाक्याला दोन मोठ्या मर्यादा पडतात. पहिली सिगारची. चघळण्याची तंबाखू, पाइपची तंबाखू, तपकीर या सगळ्यांत मक्तेदारीचा हात बाजाराच्या तीन-चतुर्थांशापलीकडे गेला, पण सिगारमध्ये तो एक-सप्तमांशाच्या आसपासच अडकला, अमाप पैसा ओतूनही. सिगार तेव्हा हाताने वळली जात होती, गावोगावी लहान कारखाने होते, आणि गिऱ्हाईक चवीत चोखंदळ होते. यंत्राच्या भाड्यातला फरक जेथे लागू नव्हता तेथे ड्यूकांचे सगळे कसब फिके पडले. ड्यूक विद्यापीठातील प्रार्थनामंदिरापुढे जेम्सचा जो पुतळा आहे, त्याच्या हातात सिगारच आहे.

दुसरी मर्यादा काळाची. १९०० च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या एकूण तंबाखूत सिगारेटचा वाटा अगदी थोडा होता. लोक मुख्यतः तंबाखू चघळत आणि पाइप व सिगार ओढत. अमेरिकेला घराघरांत सिगारेट नेणारा छाप कॅमल होता. तो रेनॉल्ड्सने १९१३ मध्ये आणला, म्हणजे ड्यूकांच्या तावडीतून सुटल्यानंतर दोन वर्षांनी. मग पहिले महायुद्ध आले आणि सिगारेट शिपायाच्या शिध्यात गेली. म्हणजे या घराण्याने सिगारेट स्वस्त केली, तिची विक्री एका हाती आणली आणि देशभराची यंत्रणा बांधली, पण सिगारेटचे खरे शतक सुरू झाले तेव्हा अमेरिकेतल्या या धंद्याची सूत्रे त्यांच्या हातात नव्हती. आपला लेख १८९० ला थांबत असेल तर आपले वाक्य थोड्या दुरुस्तीने चालेल. १९२५ पर्यंत जात असेल तर चालणार नाही.

एक बाजू घराण्यांच्या इतिहासात हमखास सुटते ती माल पिकवणाऱ्यांची. खरेदीदार एकच उरला की लिलावात बोली चढत नाही. केंटकी आणि टेनेसीच्या काळ्या, जाड पानाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी सप्टेंबर १९०४ मध्ये गथ्री येथे संघटना बांधून माल अडवून धरला. न ऐकणाऱ्यांना धाक घालायला बुरखे घातलेले घोडेस्वार रात्री फिरू लागले. डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी प्रिन्स्टन येथील वखारी जाळल्या आणि वर्षभराने हॉपकिन्सव्हिल हे शहर रात्रभर ताब्यात घेतले. त्यांनी गरीब शेतकऱ्यांवर आणि काळ्या कुटुंबांवर केलेला जुलूमही लिहावा लागेल. त्यांना वीर करू नये. कारखान्याच्या आतही उतरंड होती. पानाच्या शिरा काढण्याचे धुळीचे, कमी मजुरीचे काम काळ्या स्त्री-पुरुषांकडे आणि यंत्रावरचे काम गोऱ्यांकडे. यंत्र आले तसे ग्लॅडस्टीनबरोबर आलेले बरेच कारागीर न्यूयॉर्कला परतले. लेखात त्यांना दोन परिच्छेद दिलेत तर मंडळाचा अंक काही जड होणार नाही.

मराठी वाचकाला या कथेशी जोडणारा खरा दुवाही आहे, आणि तो ओढूनताणून आणावा लागत नाही. १९०१ मध्ये जेम्सने लिव्हरपूलची ऑग्डन कंपनी विकत घेतली, तेव्हा ब्रिटिश कारखानदार एकत्र येऊन त्यांनी इंपीरियल टोबॅको कंपनी काढली. वर्षभर भाव पाडण्याची लढाई झाल्यावर सप्टेंबर १९०२ मध्ये तह झाला. अमेरिका एकाची, ब्रिटन दुसऱ्याचे, आणि उरलेल्या जगासाठी दोघांची मिळून ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको कंपनी. तिचे दोन-तृतीयांश भाग अमेरिकन बाजूकडे होते आणि पहिला अध्यक्ष जेम्स ड्यूक होता. ते पद त्याने १९२३ पर्यंत सांभाळले. तो तह करणाऱ्यांनी 'उरलेले जग' म्हटले त्यात आपणही होतो. २४ ऑगस्ट १९१० रोजी कोलकात्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया नोंदली गेली. तिचेच नाव १९७० मध्ये इंडिया टोबॅको कंपनी आणि नंतर आयटीसी झाले. चौरंगीवरच्या तिच्या मुख्यालयाचे नाव आजही व्हर्जिनिया हाऊस आहे, आणि गुंटूर परिसरात पिकणाऱ्या सिगारेटच्या पानाला व्यापारात व्हर्जिनियाच म्हणतात. विडीची कथा मात्र पूर्णपणे वेगळी आहे. ती यात मिसळू नका.

उत्तर अमेरिका म्हणताना कॅनडा विसरू नये. १८९५ मध्ये मक्तेदारीने तेथे अमेरिकन टोबॅको कंपनी ऑफ कॅनडा काढली आणि १९०८ मध्ये तिची जागा इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ कॅनडाने घेतली. जेम्सचे शेवटचे मोठे उद्योगही क्वेबेकमधले, पण ते सागने नदीवरच्या वीजनिर्मितीचे होते. त्यावरून विद्यापीठाच्या पैशाकडे येतो, कारण आपल्या मसुद्यात 'तंबाखूच्या पैशातून विद्यापीठ' असे लिहिले आहे.

तेही तितके सरळ नाही. ट्रिनिटी कॉलेज १८९२ मध्ये डरहॅमला आले ते वॉशिंग्टन ड्यूकच्या ८५,००० डॉलरच्या देणगीवर आणि ज्यूलियन कार, म्हणजे बुल डरहॅमवाल्या प्रतिस्पर्ध्याने, दिलेल्या जमिनीवर. १८९६ मध्ये वॉशिंग्टन ड्यूकने आणखी १ लाख डॉलर दिले, मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यावा या अटीवर. हा पैसा तंबाखूचा होता. परंतु दरम्यान भावांनी कापडगिरण्या काढल्या, आणि १९०५ मध्ये डॉ. गिल वायली व अभियंता विल्यम स्टेट्स ली यांच्या साथीने कटॉबा नदीवर वीज निर्माण करणारी सदर्न पॉवर कंपनी उभी केली. डिसेंबर १९२४ मध्ये जेम्सने ४ कोटी डॉलरचा ड्यूक एन्डाउमेंट हा विश्वस्तनिधी केला आणि ट्रिनिटीचे ड्यूक विद्यापीठ झाले, तेव्हा त्या निधीत मोठा भाग वीज कंपनीच्या समभागांचा होता आणि तंबाखू कंपन्यांचे समभाग त्याच्या जोडीला होते. तंबाखूने वीज उभी केली, आणि विजेने निधी. त्या निधीचे लाभार्थीही एकटे विद्यापीठ नव्हते. दोन्ही कॅरोलायनांतील रुग्णालये व अनाथाश्रम, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रामीण मेथडिस्ट चर्चे आणि इतर तीन महाविद्यालये त्यात होती. 'कमावलेल्या पैशाचा पुढे कोणत्या धंद्यात मुक्काम झाला' हे तपासल्याशिवाय देणगीचे वाक्य लिहायचे नाही, ही माझी कामातली ठरलेली शिस्त आहे.

त्या काळी सिगारेटची हानी कोणाला ठाऊकच नव्हती, हे आपल्या मसुद्यातले वाक्य मात्र काढून टाकावे. फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल ११ जानेवारी १९६४ चा, आणि जेम्स वारला १० ऑक्टोबर १९२५ रोजी, हे खरे. म्हणून १९६४ चे ज्ञान त्याच्या माथी मारता येत नाही. पण सिगारेटविरोधी चळवळ त्याच्या डोळ्यांदेखत चालू होती. अनेक राज्यांनी विक्रीवर बंदी घातली होती, आणि टेनेसीची बंदी १९०० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली होती. तक्रार ऐकू आली होती, तिच्यामागचे शास्त्र नंतर आले. एवढेच लिहा. त्याला दानशूर ठरवणे किंवा खलनायक ठरवणे हे काम वाचक आपापले करतील.

आपल्या पहिल्या वाक्याऐवजी मी काहीसे असे लिहीन: 'हाताने वळली जाणारी, थोड्या लोकांची चैन असलेली सिगारेट ड्यूक बंधूंनी, इतरांना न मिळालेल्या भाड्याच्या अटींवर चालवलेल्या यंत्रांच्या जोरावर, पाच सेंटांची वस्तू केली आणि त्या नफ्यावर, सिगार वगळता, अमेरिकेतला बहुतेक तंबाखूधंदा १९११ पर्यंत एका हाती आणला.' वाक्य लांब आहे, पण त्यातले प्रत्येक विधान कोणालाही तपासता येईल. आपल्या मित्रालाही त्यात यंत्र सापडेल.

राहिली छायाचित्राची गोष्ट. आपण मुखपृष्ठासाठी डरहॅममधील अमेरिकन टोबॅको कॅम्पसचे चित्र 'ड्यूकांचा कारखाना' म्हणून देणार आहात. ती वास्तू मुळात ब्लॅकवेलच्या बुल डरहॅमची. ती मक्तेदारीत मागाहून आली, १९८७ मध्ये तेथील उत्पादन थांबले, आणि तिचे नूतनीकरण होऊन ती २००४ पासून कार्यालये व उपाहारगृहे यांसाठी खुली झाली. ड्यूकांनी १८८४ मध्ये बांधलेला विटांचा कारखाना वेस्ट मेन स्ट्रीटवर आहे, आता तेथे निवासी सदनिका आहेत. चित्र त्याचे घ्या, किंवा कॅम्पसचेच घ्यायचे असेल तर खाली ब्लॅकवेलचे नाव द्या.